साहेबाचा उन्हाळा, महादेवाची यात्रा

गेल्या वर्षी चैत्रात आमचा भाचा नोकरीच्या निमित्ताने झुरिकला गेला होता. चार दिवसांची सुट्टी हाती लागताच तो आगगाडीत बसून सेंट मॉरित्स नावाच्या डोंगरगावी जाऊन आला, आणि परतल्यावर त्या सहलीची हकीकत सांगायला थेट आमच्याकडे घुग्घुसला आला. मे महिना होता. चांदा जिल्ह्यातला मे ज्याने काढला आहे त्याला त्याचे वर्णन नको, आणि ज्याने काढला नाही त्याला ते पटायचे नाही. पारा शेहेचाळिशीच्या वर, वीज दोनदा जाऊन आलेली, ओट्यावर कोळशाची बारीक काळी धूळ. आणि हा पोरगा आम्हांला बर्फाच्या गोष्टी सांगत होता!

बर्फ तरी कसला, वितळत आलेला. हिवाळ्याचे पाहुणे गेलेले, उन्हाळ्याचे अजून यायचे, म्हणून बहुतेक हॉटेलांना कुलपे. तळ्यावरचा बर्फ फुटू लागलेला, रस्त्यांत चिखल. “वसंतात तिथे शहाणा माणूस जात नाही मामा,” तो म्हणाला, “पण गाव पाहायला मिळाले ते त्यामुळेच.” मग त्याने तिथली प्रसिद्ध कथा सांगितली. योहान्नेस बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने १८६४ च्या शरदात परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, की हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन आवडले नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे नाताळाला आले ते ईस्टरपर्यंत हलले नाहीत, आणि आल्प्समधला हिवाळी मोसम सुरू झाला. गावची प्रतिष्ठा या पैजेपासून मोजतात.

पण हॉटेले बंद असल्यामुळे भाचा गेला तिथल्या औषधी पाण्याच्या झऱ्याकडे. या झऱ्याभोवती बसवलेले लाकडी ओंडके १९०७ साली जमिनीखाली सापडले. लाकडातल्या वर्तुळांवरून काळ काढला तेव्हा ते झाड इसवी सनापूर्वी १४११ मध्ये तोडल्याचे ठरले. पुढे १५१९ मध्ये पोप दहाव्या लिओने या झऱ्याच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांना पापक्षालनाचे अभिवचन दिले होते. “म्हणजे मामा,” भाचा म्हणाला, “हॉटेलवाला आला तो सगळ्यांच्या शेवटी.”

हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसले ते बसलेच. कारण आमच्या घरातही एक डोंगर आहे, आणि त्याची हकीकतही अगदी अशीच आहे.

लहानपणी आमच्या घरी दोन ठिकाणांची नावे कानी पडत. आबाजी म्हणायचे ‘पचमढी’, आजी म्हणायची ‘महादेव’. ही दोन वेगळी गावे आहेत अशी माझी चांगली आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत समजूत होती. आबाजी नागपूरच्या सेक्रेटरिएटात पट्टेवाले होते. त्यांची पचमढी म्हणजे फायलींच्या पेट्या, बंगले, साहेबांची कुत्री आणि पहाटेचा गारठा. आजीचे माहेर वरुडकडचे. तिचा महादेव म्हणजे अनवाणी चाललेली माणसे, डमरू, खांद्यावरचे लोखंडी त्रिशूळ आणि पाण्याने भिजलेली गुहा. एकदा नकाशात शोधू लागलो तेव्हा दोन्हींवर एकच टिंब निघाले. सातपुड्याच्या महादेव रांगेतले, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फुटांवरचे ते पठार.

या टिंबाचा सरकारी इतिहास असा. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि औरस वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. चांदा त्याच वेळी इंग्रजी अमलात आले. चार वर्षांनी आमच्याकडे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके उठले. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर काही दिवसांतच तात्या टोपे नर्मदा उतरून सातपुड्यात आले आणि पचमढीच्या डोंगरातला हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध लढू लागला. त्यालाही १८६० मध्ये जबलपूरला फाशी दिली गेली. शाळेत आम्हांला हे दोघे कधी एका पानावर भेटले नाहीत. एक आमचा, दुसरा पलीकडच्या प्रांताचा! पण १८५८ साली हे सारे एकच रान होते आणि दोघांचा कज्जाही एकच होता.

रान शांत झाल्यावर साहेबाला त्याची मोजदाद करायची होती. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांत निर्माण झाला, पुढल्या वर्षी सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर होऊन आला, आणि जंगलांच्या पाहणीसाठी कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा तरुण लष्करी अधिकारी १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर चढला. पचमढीत पुष्कळ जण त्याच्या आगमनाचे साल १८५७ सांगतात. त्याच्या पुस्तकात १८६२ आहे, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्याने तिथे एक साधे विश्रामघर बांधले. गवे पुष्कळ, म्हणून त्याचे नाव ‘बायसन लॉज’. ते अजून उभे आहे आणि आता वनखात्याचे संग्रहालय आहे. १८७१ मध्ये फोर्सिथ वारला आणि त्याच वर्षी त्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक लंडनला छापून निघाले. शिकारीच्या गोष्टी सोडून दिल्या तरी ते वाचण्यासारखे आहे. हा माणूस डोळे उघडे ठेवून फिरत होता.

मात्र ‘फोर्सिथने पचमढी शोधून काढली’ असे जे वाक्य सगळीकडे छापलेले असते, ते खुद्द फोर्सिथच्या पुस्तकाशीच जुळत नाही. त्याला वाटा ठाऊक नव्हत्या, कोरकूंना होत्या. पठारावर वस्ती होती, देवळे होती, देवस्थानांची राखण करणारे कोरकू ठाकूर होते. त्यांना भोपा म्हणत आणि यात्रेकरूंकडून मिळणारे उत्पन्न त्यांचे असे. आणि शिवरात्रीला महादेवाच्या गुहेपाशी हजारो माणसे जमत, तीही फोर्सिथने स्वतः पाहिली. त्याआधीचे म्हणाल तर या डोंगरांतल्या खडकांच्या आडोशांत प्राचीन माणसांनी काढलेली चित्रे आहेत. मध्यप्रांताच्या शिक्षणखात्यातल्या जी. आर. हंटर यांनी १९३० नंतरच्या दशकात तिथल्या ‘डोरोथी डीप’ नावाच्या आडोशात उत्खनन केले. शोधून काढायला साहेब बराच उशिरा पोहोचला होता.

पण त्याचा काळ मोठा मौजेचा आहे. १८६२ मध्ये फोर्सिथ पठारावर, १८६३ मध्ये टॉमस कुकने इंग्रज प्रवाशांची पहिली टोळी स्वित्झर्लंडला नेली, १८६४ मध्ये बाड्रुटची पैज, आणि १८६५ मध्ये दाव्होसला डॉक्टर श्पेंग्लरकडे क्षयाचे पहिले रोगी हिवाळा काढायला आले. कारखान्यांच्या धुराने खोकणाऱ्या इंग्लंडला त्या तीन-चार वर्षांत एकाएकी डोंगराची हवा आठवली. तीच आठवण घेऊन साहेब हिंदुस्थानात आला. फरक इतकाच, की तिकडे तो स्वतःच्या पैशाने डोंगरावर जाई, इकडे सरकारच्या पैशाने.

हवेचे गणितही सोपे आहे. हजार मीटर वर गेले की उष्णता साधारण साडेसहा अंशांनी उतरते. घुग्घुस समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, पचमढी हजाराच्या थोडी वर. म्हणजे पाच-सहा अंशांचा लाभ. त्यात भोवती झाडी, रात्री गार वारा. एवढ्यासाठी एप्रिल लागला की नागपूरचे सरकार उचलून डोंगरावर नेत आणि पावसाच्या तोंडाशी खाली आणत. गव्हर्नर, सेक्रेटरी, त्यांचे कारकून, कारकुनांच्या पेट्या आणि पेट्या उचलणारे आमचे आबाजी. नागपूर-इटारसी हा सरळ लोहमार्ग १९२० नंतरच्या दशकात झाला. त्यापूर्वी भुसावळवरून केवढा तरी वळसा पडे. पिपरियाला उतरून पुढे सुमारे पन्नास किलोमीटर घाट. आबाजी सांगत, “साहेबाच्या पेट्या मोटारीत, आम्ही पेट्यांवर.” इकडे चांद्याच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याला उत्तर मिळे, कागद वर गेला आहे. वर म्हणजे नक्की किती वर, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

इथे जरा आडवळणाला जातो. खाणीच्या गावचा माणूस जमिनीखाली डोकावल्यावाचून राहत नाही. पचमढीचे कडे ज्या वालुकाश्माचे आहेत तो आणि घुग्घुसचा कोळसा हे एकाच थोरल्या खडकसमूहाचे थर आहेत. कोळसा खालचा, सव्वीस-सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतल्या झाडांचा. पचमढीचा वालुकाश्म त्याच्या नंतरचा. या समूहाला १८७२ मध्ये मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने ‘गोंडवन’ हे नाव दिले, ज्या गोंडांच्या मुलखात तो सापडला त्यांच्यावरून. पुढे व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूसने, ज्याने आधी आल्प्सच्या जन्मावर पुस्तक लिहिले होते, त्या प्राचीन दक्षिणेकडच्या भूखंडाला ‘गोंडवनलँड’ म्हटले. म्हणजे आमच्या गोंडराजांच्या मुलखाचे नाव आल्प्सचा अभ्यास करणाऱ्या माणसाने साऱ्या जगाच्या नकाशावर नेले. आणि खुद्द आल्प्स? आफ्रिकेचा भूखंड युरोपवर रेटत गेला आणि मधला समुद्राचा तळ दुमडून वर आला, ते कालपरवाचे, म्हणजे काही कोटी वर्षांपूर्वीचे. भाच्याला मी म्हटले, “तुझा डोंगर आमच्या कोळशापुढे पोरगेला आहे.”

आता यात्रेकडे येऊ. माघ वद्य चतुर्दशीच्या आधी आठ-दहा दिवस विदर्भातल्या गावागावांतून जथे निघत. पुढे भगत, हाती भगवे निशाण, मागे बायाबापड्या. पळस नुकता पेटू लागलेला असतो, आंब्याला मोहर, रात्री थंडी आणि दुपारी चटका. पांढुर्णा, छिंदवाड्याकडचा मुलूख, मग जुन्नारदेव. तिथे महादेवाची ‘पहिली पायरी’. पुढे रानातून भूराभगताचे ठाणे, आणि शेवटी महादेवाची गुहा व तिच्यावरचे चौरागडाचे शिखर. भस्मासुर पाठीस लागला तेव्हा शंकर या डोंगरात लपत फिरला अशी कथा आहे. चौरागडावर हजाराहून अधिक पायऱ्या चढून नवसाचे त्रिशूळ वाहतात. कोणी वीतभर, कोणी चौघांनी खांदा द्यावा एवढे. वर त्रिशुळांचे रान माजलेले असते. आजी पोरवयात एकदा आपल्या आईबरोबर चालत गेली होती. ती सांगे, “पार्वती आपल्या इकडची. म्हणून महादेव आपला जावई. जावयाच्या घरी पाय वाजवत जावं लागते.” श्रावणात नागपंचमीला भरणारी नागद्वारची यात्रा ही याच डोंगरातली दुसरी यात्रा, आणि तिलाही आजतागायत मुख्यतः विदर्भाचीच माणसे जातात.

या यात्रेची एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हजारो माणसे, पाण्याचे मोजके डोह, आणि मधूनच पटकी. फोर्सिथनेच ती हकीकत लिहून ठेवली आहे. रोग उठला की जथे वाट फुटेल तिकडे पळत आणि रोग आपल्याबरोबर गावोगाव नेत. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नोने १८५४ मध्ये दाखवून दिले होते, पण सरकारी डॉक्टरांत एकमत नव्हते. तेव्हा सोपा उपाय म्हणजे यात्राच अडवायची, आणि तसे उपाय झालेही. सरकारच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. परंतु एक गोष्ट लक्षात येते. ज्या पठाराची हवा साहेबाच्या फुप्फुसाला औषध ठरली, त्याच पठारावर येणारा यात्रेकरू कागदोपत्री रोगाचे कारण म्हणून नोंदला गेला. एकाला आरोग्यधाम, दुसऱ्याला मनाई. आजीच्या आईचा थोरला भाऊ महादेवाला गेला तो परत आला नाही. घरात एवढेच सांगत. कोणत्या साली, कुठे, कशाने, हे विचारायची सोय नव्हती.

आबाजींच्या पचमढीलाही एक मोठा दिवस लाभला. १९३७ मध्ये मध्यप्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले (त्या वेळी या पदाला पंतप्रधान म्हणत). थोड्याच दिवसांत त्यांचे आणि रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र प्रभृती महाकोशलच्या मंत्र्यांचे बिनसले. मे १९३८ मध्ये सरकार डोंगरावर असताना सरदार पटेल, मौलाना आझाद वगैरे पुढारी तिथे आले आणि समेट घडला. ‘पचमढीचा समेट’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. तो दोन महिनेही टिकला नाही. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला, नवे मंत्रिमंडळ बनवले, काँग्रेस कार्यकारिणीने तेही सोडायला लावले, आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. मराठी आणि हिंदी मुलूख एका प्रांतात बांधल्याची रग यामागे कितपत होती यावर नागपुरात पुढे वर्षानुवर्षे वाद चालले. आबाजींना विचारले तर ते म्हणत, “आत काय झालं मला काय माहीत? मी पाण्याचे तांबे नेले. दिवसभर भरलेले नेले आणि तसेच भरलेले परत आणले. तेव्हाच समजलो.”

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पचमढी मध्यप्रदेशात राहिली. आबाजींनी नोकरीला रामराम ठोकला आणि माझ्या वडिलांकडे घुग्घुसला येऊन राहिले. वडील कोळशाच्या खाणीवर हजेरी-कारकून होते. राज्याला उन्हाळ्यात जायला आता चिखलदरा, महाबळेश्वर होते. पचमढीचे नाव सरकारी कागदांतून गेले. शिवरात्रीला निघणाऱ्या जथ्यांना मात्र सीमा बदलल्याची वर्दी कोणी दिली नाही. ते पूर्वीच्याच वाटेने चालत राहिले.

आता त्रिशुळाची गोष्ट. माझ्या वडिलांच्या वेळी आजी अडली होती, आणि मूल सुखरूप हाती आले तर चौरागडाला त्रिशूळ वाहीन असा तिने नवस बोलला होता. लोहाराकडून दीड हाताचा त्रिशूळ घडवून आणला. पण नवस फेडायचा कसा? आबाजी दर उन्हाळ्याला त्याच डोंगरावर सव्वादोन महिने राहत. ते म्हणाले, मी नेतो, एका रविवारी चढून वाहून येतो. आजी म्हणाली, “सरकारच्या भाड्यानं जाऊन राहिले तुम्ही, पायी नाही, उपास नाही. ही यात्रा होय का?” आबाजींना शिवरात्रीला रजा मिळेना, आजीला घर सोडून निघता येईना. जवळजवळ तीस उन्हाळे आबाजी चौरागडाकडे बघत फायली वाहत राहिले आणि त्रिशूळ माळ्यावर पडून राहिला. दोघेही गेले. वडीलही गेले. गेल्या वर्षी घर रंगवताना तो खाली आला, गंजलेला, पण टोके शाबूत.

यंदाच्या शिवरात्रीला भाच्याने मोटार काढली आणि आम्ही तीन दिवसांसाठी निघालो. नागपूर, छिंदवाडा, परासिया. परासिया-जुन्नारदेव हा पट्टाही कोळशाचाच. घुग्घुसला दिसतात तेच वेस्टर्न कोलफील्ड्सचे फलक, तीच धूळ, तसेच पाळी सुटल्यावर सायकलवरून परतणारे कामगार. तामियाच्या पुढे रान सुरू झाले आणि रस्त्याच्या कडेने जथे दिसू लागले. भाचा गाडी हळू करी, कोणी आत बसायला तयार नसे. पचमढीत हॉटेले भरलेली. सेंट मॉरित्सला कुलपे पाहून आलेला भाचा म्हणाला, “मामा, इथे वसंतात शहाणी माणसं येतात.”

महादेवाच्या गुहेत अजूनही पाणी ठिबकते. पण चौरागडाच्या पायथ्याशी माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. भाचा म्हणाला, आणा, मी वाहून येतो. मी त्रिशूळ त्याच्या हाती दिला, आणि मग आजी आठवली. आम्ही आलो होतो मोटारीने, वाटेत भजी खाऊन. ही यात्रा होय का?

शेजारी दगडावर पाचसहा बाया पाय चोळत बसल्या होत्या. कुठल्या, म्हणून विचारले. वरुड तालुक्यातल्या. गावापासून चालत, नऊ दिवस झालेले. मी त्यांना नवसाची हकीकत सांगितली. त्यांच्यातल्या वयस्क बाईने त्रिशूळ हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, पदराने त्यावरचा गंज पुसला.

“कोणाचा नवस म्हणता, भाऊ?”

“माझ्या आजीचा. माझ्या वडिलांसाठी.”

“माहेर कुठलं तिचं?”

मी गावाचे नाव सांगितले. “आमच्या शेजारचंच की,” ती म्हणाली. त्रिशूळ तिने आपल्याच्या जोडीला खांद्यावर टाकला, बायांना उठवले आणि पायऱ्या चढू लागली. भाचा त्यांच्या मागोमाग गेला, पायांतले बूट माझ्यापाशी ठेवून. मी दोन तास ते राखत बसलो.